'कोड बदलून घ्या' हा सल्ला दुरुस्त व्हावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याविषयी नुकताच आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. लक्षणे, व्यायाम आणि घ्यावयाची काळजी यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयुक्त आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लेखाच्या शेवटी जी चौकट दिली आहे, तिच्यात 'विमा कंपनीने दावा नाकारल्यास डॉक्टरांना निदानाचा कोड बदलून द्यायला सांगावे' अशा अर्थाचे एक वाक्य आहे. तेथील दवाखाने व रुग्णालये यांच्या कागदपत्रांवरून निदानाचे आणि उपचारांचे कोड लावण्याचे काम मी गेली तेरा वर्षे करते आहे. त्यांतली अलीकडची सहा वर्षे तोंड, जबडा व चेहरा यांच्या शस्त्रक्रिया विभागाचे कागद माझ्या टेबलावर येतात. हे एक वाक्य वाचून कोणी तसे खरोखर केले तर रुग्ण आणि डॉक्टर दोघेही अडचणीत येतील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निदानाचा कोड म्हणजे डॉक्टरांनी तपासणीनंतर लिहिलेल्या निदानाचे आकडी भाषांतर होय. भाषांतर वाचून पैसे मिळाले नाहीत, म्हणून भाषांतर बदलून मागता येत नाही. मूळ मजकुरात जे आहे तेच त्यात उतरले पाहिजे. नोंदीत आधार नसलेला कोड पैसे मिळावेत एवढ्यासाठी लावणे हा तेथे खोटा दावा ठरतो आणि सरकारी योजनांच्या बाबतीत त्यासाठी संघराज्याचा स्वतंत्र कायदाच आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी रुग्णाचे नुकसान टळत नाही, कारण पैशांसाठी लावलेले ते निदान त्याच्या वैद्यकीय इतिहासात कायमचे राहते आणि पाच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी भेटलेला डॉक्टर ते खरे धरून चालतो. मात्र हा सल्ला लोकांच्या तोंडी का येतो, हेही मी समजू शकते. मी हाताळलेल्या कामात गुडघ्याच्या वा खांद्याच्या दाव्यांपेक्षा जबड्याच्या सांध्याचे दावे कितीतरी अधिक वेळा परत आले आहेत. बहुतेक वेळा त्यांतल्या उपचारात चूक नव्हती. त्या सांध्याचे कागदावरचे स्थान आणि कागदावरचे त्याचे वर्णन, या दोन्ही ठिकाणी गोंधळ होता.

स्थानाचा गोंधळ जुना आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये कानाची आणि जबड्याच्या सांध्याची काही लक्षणे एकत्र करून त्यांचा संबंध दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटण्याशी जोडला. ती उपपत्ती पुढे टिकली नाही, पण हा सांधा दातांच्या घरात जाऊन बसला तो बसलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या सांध्याचे विकार के ०७.६ या कोडखाली येतात आणि हा कोड पचनसंस्थेच्या आजारांच्या प्रकरणात, दंतविकारांच्या शेजारी आहे. कॉस्टन यांचे नाव तेथे अजूनही आढळते. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून या दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे विस्तारित रूप वापरायला घेतले, तेव्हा हे विकार स्नायू व अस्थिसंस्थेच्या प्रकरणात आणून एम २६.६ या क्रमांकाखाली ठेवले. सांधा सांध्यांमध्ये आला, ही सुधारणा योग्यच झाली. परंतु एम २६ या मूळ गटाचे शीर्षक आजही 'दात व चेहऱ्याच्या रचनेतील विकृती' असेच आहे आणि दातांची चुकीची ठेवण त्याच गटात मोडते. त्यामुळे प्रकरण अस्थींचे असले तरी गटाचे नाव दातांचे राहते आणि दावा तपासणाऱ्याने पहिल्या तीन अक्षरांवरच मत बनवले, तर 'हे दंतविम्याकडे पाठवा' असा शेरा येतो.

दुसरा गोंधळ वर्णनाचा आहे आणि तो मात्र आपल्या हातात आहे. खालचा जबडा कवटीला जेथे जोडला जातो, त्या दोन्ही कानांपुढच्या सांध्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून टीएमजे म्हणतात. हे सांध्याचे नाव आहे. तो प्रत्येकाला असतो आणि एक नव्हे, दोन असतात. तरीही नोंदीत निदानाच्या जागी नुसते 'टीएमजे' लिहिलेले मी शेकडो वेळा वाचले आहे. अशी नोंद हातात आल्यावर कोडरला, म्हणजे कोड लावणाऱ्याला, फार तर एम २६.६०९ लावता येतो, ज्याचा अर्थ सांध्याचा काहीतरी विकार, कोणता ते नमूद नाही, कोणत्या बाजूला तेही नमूद नाही. एवढ्या माहितीवर महागडी तपासणी किंवा शस्त्रक्रिया मंजूर करायला विमा कंपनी नकार देते, तेव्हा त्या नकाराला किमान काहीतरी आधार असतो, हे मला मान्य करावे लागते.

प्रत्यक्षात या गटात सांगण्यासारखे बरेच काही सांगता येते. सांधा चिकटला किंवा जखडला असेल तर एम २६.६१, सांध्यात वेदना असेल तर एम २६.६२, सांध्यातील चकतीचा विकार असेल तर एम २६.६३ अशी मांडणी आहे आणि १ ऑक्टोबर २०२० पासून सांध्याचा दाह व सांध्याची इतर विकृती यांसाठी एम २६.६४ आणि एम २६.६५ हे स्वतंत्र उपगट मिळाले आहेत. त्याआधी १ ऑक्टोबर २०१६ पासून या गटात बाजू सांगणारा आकडा सहाव्या स्थानी आला: १ म्हणजे उजवी, २ म्हणजे डावी, ३ म्हणजे दोन्ही, ९ म्हणजे अनिर्दिष्ट. त्या दिवसापासून या उपगटांचा पाच वर्णांचा अपुरा कोड दाव्यावर चालेनासा झाला. यांत न बसणाऱ्या पण डॉक्टरांनी नेमक्या शब्दांत सांगितलेल्या विकारांसाठी एम २६.६९ आहे, आणि तो तेवढा बाजूच्या आकड्यावाचून पूर्ण आहे. बाजूचा हा आकडा अनेक डॉक्टरांना कारकुनी वाटतो. मला तो या सांध्याच्या बाबतीत फार मोलाचा वाटतो. खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे दोन्ही सांधे एकत्रच हलतात, एका बाजूचा दोष दुसऱ्या बाजूवर भार टाकतो आणि रुग्ण जिकडे दुखते म्हणतो त्याच बाजूला चकती सरकलेली असेल असे नाही. बाजू लिहिण्यासाठी डॉक्टरांना दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, हा त्या आकड्याचा खरा उपयोग आहे.

एक उदाहरण सांगते. रुग्णाची किंवा दवाखान्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात नाही. जबड्याच्या सांध्याच्या एमआरआयचा, म्हणजे ७०३३६ या उपचार-कोडाचा दावा वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही या कारणाने परत आला होता. दाव्यावर एम २६.६०९ होता आणि निदानाच्या ओळीत 'टीएमजे' एवढाच शब्द होता. मी तपासणीचा मूळ कागद काढून वाचला, तेव्हा त्यात डॉक्टरांनी सर्व काही टिपून ठेवलेले आढळले: तोंड मदतीनेही २८ मिलिमीटरच उघडते, उघडताना हनुवटी डावीकडे वळते, डाव्या बाजूला पूर्वी येणारा 'कट' असा आवाज चार महिन्यांपूर्वी थांबला आणि त्याच सुमारास तोंड उघडणे कमी झाले. या विकारांच्या निदानाचे जे निकष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज सर्वत्र वापरले जातात, त्यांत चकती सरकून परत जागेवर न येणे व तोंड पुरते न उघडणे या निदानासाठी तोंड ४० मिलिमीटरपेक्षा कमी उघडणे ही मर्यादा दिलेली आहे. म्हणजे तपासणी उत्तम झाली होती, मोजमाप होते, इतिहास होता, पण निदानाच्या ओळीपर्यंत त्यातले काहीच पोचले नव्हते. आणि मी कोडर असल्यामुळे ते सगळे डोळ्यांसमोर असूनही मला स्वतःहून चकतीचा विकार लिहिता येत नव्हता, कारण निदान करण्याचा अधिकार तपासणाऱ्याचा आहे, कागद वाचणाऱ्याचा नाही.

येथे जे केले जाते ते कोड बदलून घेणे नव्हे, तर डॉक्टरांना लेखी विचारणा पाठवणे होय, आणि या विचारणेचेही नियम आहेत. 'डाव्या बाजूच्या चकतीचा विकार असे लिहाल का, म्हणजे दावा मंजूर होईल' असे विचारणे पूर्णपणे निषिद्ध आहे. विचारणेत पैशांचा उल्लेखही करता येत नाही आणि हवे ते उत्तर सुचवताही येत नाही. नोंदीत कोणते निष्कर्ष आहेत ते मांडून, या निष्कर्षांवरून आपले निदान अधिक नेमके सांगता येईल काय, येत असल्यास बाजूसह सांगावे, एवढेच विचारायचे असते आणि 'सांगता येत नाही' हे उत्तरही तितकेच ग्राह्य असते. या डॉक्टरांनी आपला कागद पुन्हा वाचला आणि त्या दिवसाची तारीख घालून, मूळ नोंदीला हात न लावता, पुरवणी नोंद लिहिली. तिच्यावरून एम २६.६३२ लागला, मोजमापांसह अपील गेले आणि दावा मंजूर झाला. चौकटीतल्या सल्ल्याप्रमाणे त्या रुग्णाने दूरध्वनीवरून 'दुसरा कोड टाका' असे सांगितले असते आणि कोणी तसे केले असते, तर कदाचित हाच कोड दाव्यावर गेला असता. पण त्यामागे नोंद नसती, आणि पडताळणीच्या वेळी तोच दावा अंगावर आला असता.

याला जोडूनच सांगायला हवे की, बाह्यरुग्ण विभागात 'संभाव्य', 'शंका आहे', 'नसल्याची खात्री करणे' अशा शब्दांनी लिहिलेल्या निदानाचा कोड लावता येत नाही. चकती सरकल्याची नुसती शंका असेल तर त्या दिवशी जे निश्चित आहे तेच लिहावे लागते: सांध्याची वेदना ठरली असेल तर बाजूच्या आकड्यासह एम २६.६२, तेही ठरले नसेल तर जबड्यातील वेदना या लक्षणाचा आर ६८.८४, आणि ही दोन्ही एकत्र लावता येत नाहीत. एमआरआय वाचून तज्ज्ञाने निश्चित निदान लिहिले आणि कोड लावतेवेळी तो अहवाल उपलब्ध असला, तर त्या तपासणीच्या दाव्यावर ते निदान येऊ शकते. म्हणून काही वेळा पहिल्या भेटीचा कोड आणि महिन्याभरानंतरचा कोड वेगळे दिसतात. रुग्णांना वाटते की कोणीतरी खेळ केला. वस्तुतः निदान पक्के होत गेले, एवढाच त्याचा अर्थ असतो.

शेजारच्या कोडांमध्येही गल्लत होते. चर्वणाच्या स्नायूंच्या दुखण्यासाठी २०१८ पासून एम ७९.११ असा वेगळा कोड आहे, तरी स्नायूंचे दुखणे सर्रास सांध्याच्या खात्यात टाकले जाते. ताजा निखळलेला जबडा एस ०३.० मध्ये जातो, कारण ती दुखापत आहे. झोपेत दात खाण्याचा कोड जी ४७.६३ आणि मानसिक ताणातून दात खाण्याचा एफ ४५.८ हे दोन वेगवेगळे आहेत, आणि डॉक्टरांनी लिहिल्याखेरीज यांतला कोणता लावायचा हे कोडरने ठरवायचे नसते.

माझ्या मते सर्वांत जास्त पैसा आणि मनस्ताप ज्या एका शब्दामुळे वाया जातो, तो शब्द म्हणजे 'गार्ड'. दात झिजू नयेत म्हणून रात्री लावायचे कडक साधन आणि सांध्यावरील उपचार म्हणून दिलेले स्प्लिंट ही दोन्ही दिसायला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टीच असते. पण दंतोपचारांच्या अमेरिकी संहितेत पहिल्याला डी ९९४४ आणि दुसऱ्याला डी ७८८० असे वेगळे कोड आहेत. पहिल्याचे प्रयोजन दात खाण्याचे परिणाम कमी करणे हे आहे, दुसऱ्याचे सांध्याच्या विकाराचा उपचार करणे हे. डॉक्टरांनी सांध्यासाठी स्प्लिंट दिले आणि सवयीने 'नाइट गार्ड दिला' असे लिहिले, की सांध्याचे निदान एकीकडे आणि दात वाचवण्याचे साधन दुसरीकडे असा विसंगत दावा तयार होतो. तो नाकारला गेल्यावर रुग्ण बिलिंग विभागाला बोल लावतो, बिलिंग विभाग विमा कंपनीला लावतो, आणि ज्या एका शब्दाने हे झाले तो कोणी पाहत नाही. साधन कशासाठी दिले, किती काळासाठी दिले आणि पुन्हा केव्हा तपासणार, ही तीन वाक्ये लिहायला डॉक्टरांना अर्धे मिनिटही लागत नाही.

विमा कंपन्यांची बाजूही अगदी निराधार नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. १९८० च्या दशकात या सांध्यात टेफ्लॉनयुक्त कृत्रिम रोपणे बसवली गेली, ती झिजून अनेक रुग्णांच्या हाडांची भयंकर हानी झाली आणि शेवटी ती बाजारातून काढून घ्यावी लागली. या सांध्याच्या खर्चिक उपचारांकडे संशयाने पाहण्याची सवय त्या अनुभवानंतर लागली असेल, तर ती समजण्यासारखी आहे. परंतु ज्या कारणाने दावे सर्वाधिक परत येतात, ते 'हा दंतोपचार आहे' हे कारण मात्र मला पटत नाही. मेडिकेअर या सरकारी योजनेतून दंतोपचार वगळणारा जो कायदा १९६५ पासून आहे, त्याचे शब्द 'दात किंवा दातांना प्रत्यक्ष आधार देणारे भाग' असे आहेत आणि त्या भागांची व्याख्या करताना हिरडी, दाताभोवतीचे बंध, दाताच्या मुळावरील आवरण आणि दात ज्यात रुतलेले असतात ते हाड अशा दाताभोवतीच्या भागांचाच उल्लेख होतो. कानापुढचा सांधा कोणत्याही दाताला प्रत्यक्ष आधार देत नाही. मिनेसोटा राज्याच्या कायद्याने तर स्पष्टच म्हटले आहे की, या सांध्याच्या उपचारांना शरीरातील इतर कोणत्याही सांध्याप्रमाणेच विमासंरक्षण मिळाले पाहिजे, मग उपचार वैद्यकीय डॉक्टरांनी केलेला असो वा दंतवैद्यांनी. अडचण अशी की, नोकरी देणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच्या पैशांतून ज्या आरोग्य योजना चालवतात, त्यांना १९७४ च्या संघीय कायद्यामुळे राज्याचे असे नियम लागू होत नाहीत. म्हणून एकाच शहरातील, एकच निदान असलेल्या दोन रुग्णांना वेगवेगळी उत्तरे मिळतात. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०२० च्या आपल्या अहवालात वैद्यक आणि दंतवैद्यक यांमधील या दरीचा रुग्णांना होणारा त्रास विस्ताराने मांडला आहे, आणि त्याच वर्षी तोंड व चेहऱ्याच्या वेदना या विषयाला दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यताही मिळाली. तरीही दाव्याचा फॉर्म वैद्यकीय भरावा की दंतवैद्यकीय, हा प्रश्न माझ्यासमोर दर आठवड्याला येतोच.

तेव्हा दावा नाकारला गेल्यावर रुग्णाने काय करावे, याचे खरे उत्तर त्या चौकटीत यायला हवे होते. नकाराचे पत्र नीट वाचून कारण कोणते दिले आहे ते पाहावे, कारण 'वैद्यकीय गरज नाही' आणि 'दंतोपचार वगळलेले आहेत' या दोन नकारांची उत्तरे सर्वस्वी वेगळी असतात. आपल्या तपासणीच्या नोंदीची प्रत मागावी. ती मिळणे हा तेथे रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. त्या नोंदीत बाजू, तोंड किती उघडते याचे मोजमाप, आधी कोणते उपचार झाले आणि त्यांचा काय उपयोग झाला, हे लिहिलेले आहे की नाही ते पाहावे आणि तपासणीत झालेले पण लिहायचे राहिलेले काही असेल, तर ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे. त्यानंतर अपील करावे. बहुतेक आरोग्य योजनांत नकाराची सूचना मिळाल्यापासून १८० दिवसांपर्यंत अंतर्गत अपील करता येते, आणि तेथेही वैद्यकीय मतावरून नकार कायम राहिला तर चार महिन्यांच्या आत स्वतंत्र बाह्य पुनर्विलोकन मागता येते. यांतल्या पहिल्या मुदतीचीही माहिती नसल्यामुळे रास्त दावे सोडून दिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आपल्या पुरवणीचे कात्रण अनेक वाचक जपून ठेवतात आणि परदेशातील नातलगांना पाठवतात. म्हणून पुढील अंकात त्या वाक्याच्या जागी पुढील दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे: 'विमा कंपनीने दावा नाकारल्यास नकाराचे लेखी कारण आणि तपासणीच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी, नोंद अपुरी असल्यास ती पूर्ण करण्याची विनंती डॉक्टरांना करावी व मुदतीत अपील करावे.'

आपली नम्र,
एक वैद्यकीय कोडर